टोपीची झालेली बंदूक परत चकमकीची करावी का?

गारगोटी (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. चकमकीवरून टोपीवर आणलेली जुनी इंग्लिश शिकारी बंदूक आज पुन्हा चकमकीची करणं म्हणजे बनावट कागद तयार करणं. काम कितीही सुबक असो.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या तुकड्याच्या, जबड्यात गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादी पानावर आपटते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर (पेटवणीच्या दारूवर) पडतात आणि आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आतल्या दारूपर्यंत पोचते. स्कॉटलंडात बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना शिकारीचा भारी शौक. रंजकाचा भपका दिसला की पाखरं सावध होतात, ही त्यांची तक्रार. आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट त्यांनी १८०७ मध्ये घेतलं. १८२१ ला त्याची मुदत संपली, तसली दारू भरलेली तांब्याची इवलीशी टोपी रूढ झाली (घोडा तिच्यावर आपटला की बार उडतो) आणि साहेबलोकांनी चांगल्या चांगल्या बंदुका कारागिरांकडे धाडल्या. वाटी काप, पान आणि त्याची कमान (स्प्रिंग) काढ, घोडा बदल, कानाच्या जागी टोपी चढवायचं निपल बसव.

आता तोच प्रवास उलटा चाललाय. कारण उघड आहे, मूळ चकमक शाबूत असलेल्या बंदुकीला भाव जास्त. मध्यंतरी लिलावाआधीच्या मांडणीत एक जोडनळी (दोन नळ्यांची बंदूक) हातात घेतली. लॉकची, म्हणजे बार काढणाऱ्या यंत्रणेची, पट्टी उजेडात तिरकी धरली, तर पानाच्या कमानीशेजारी पुसट वर्तुळ दिसलं. जुनं भोक बुजवलेलं, नवा स्क्रू त्याच्या किंचित बाजूला. पट्टीवरची वेलबुट्टी हात लागून लागून गुळगुळीत झालेली, घोड्यावरची मात्र नखाला टोचेल इतकी कोरी. यादीत काय लिहिलं होतं? ‘चकमकीची, उत्तम स्थिती.’

सुतारपक्षी

पूर्ण असहमत. आणि हो, जुन्या बंदुका दुरुस्त करणं ही माझी हौस आहे, तेव्हा मी पक्षपाती आहेच.

या बंदुका आपण जमवतो कशासाठी? १७८७ मध्ये लंडनचा बंदूक-कारागीर हेन्री नॉक याने नळीच्या बुडाची नवी रचना पेटंट केली. दारू झपाट्याने पेटू लागली, त्यामुळे नळ्या आखूड आणि हलक्या करता आल्या. मग जॉन आणि जोसेफ हे मॅन्टन बंधू, ड्यूर्स एग, असे तिथले सगळे नामांकित कारागीर एकमेकांवर कडी करायला लागले. कमानीच्या टोकाशी बारीकशी चाकी, म्हणजे पान अडखळत नाही. कानाला सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं अस्तर, म्हणजे रंजकाच्या धगीने भोक खात जात नाही. वाटी अशी घडवलेली की पावसाचं पाणी आत न जाता बाजूने वाहून जावं. चकमकीची कला याच्यापुढे गेलीच नाही. आणि त्यावर कुठल्याशा गावच्या बंदूकवाल्याने कानस चालवली, तर ती कानसही पूजायची? वाड्याच्या नक्षीदार सज्जावर मागाहून कोणी पत्रा ठोकला म्हणून तो पत्रा जपतो का आपण?

काम नीट करावं, पट्टीच्या आतल्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष आणि शिक्का मारावा. यात फसवणूक कुठे आली?

गारगोटी

पत्रा काढला की खाली सज्जा असतो हो. इथे वाटी दोनशे वर्षांपूर्वी भंगारात गेली. तुम्ही नवा सज्जा बांधून त्याला पेशवेकालीन म्हणताय.

आणि ‘गावचा बंदूकवाला’ हे सोयीचं बोलणं झालं. पुष्कळ बंदुका लंडनच्याच दुकानांतून बदलून निघाल्या. खुद्द जोसेफ मॅन्टन १८१८ मध्ये ट्यूब लॉकचं (आघाताने पेटणारी दारू बारीक नळीत भरलेल्या लॉकचं) पेटंट घेऊन बसला होता. चकमक सोडून द्यायला तो तुमच्याआधी तयार होता!

कुडाळकर

आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. डुक्कर भातात शिरलं की ती बाहेर काढायची. घोडा मोडला तर नवा, दस्ता चिरला तर दुसरा, कोणी विचारत नाही मूळ कुठला. तुमच्या साहेबानेही तेच केलं, त्याला पाखरू पाडायचं होतं. म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूने. पण ‘बनावट कागद’ वगैरे जरा जास्त होतंय.

माळ्यावरचा

अवांतर: आजोबांची विलायती ठासणीची बंदूक माळ्यावर आहे. इंग्लंडात विकायला पाठवता येईल का?

काळी दारू

@माळ्यावरचा, नाही. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ती खाजगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. जुनाट, वापरायची नसलेली शस्त्रं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये वगळली आहेत, पण तुमची त्यात बसते का हे पोलिसांकडून लेखी घ्या.

आता मूळ मुद्दा. मी इंग्लंडात राहतो आणि चकमक उडवतो. इथल्या ब्रँडन गावची काळी गारगोटी नीट धरली असेल तर पट्कन पेटते, दबकत नाही. इथला १९६८ चा बंदुकांचा कायदा सोपा आहे: जुनी बंदूक भिंतीवर शोभेला ठेवलीत तर कलम ५८ ची सूट, उडवायची तर शॉटगनचं प्रमाणपत्र. माझं म्हणणं असं की बर्मिंगहॅमची साधी, नाव नसलेली बंदूक घ्या, ती खुशाल चकमकीची करा, प्रूफ हाउसातून (नळीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेतून) पुन्हा कसोटी करून घ्या आणि बार काढा. मॅन्टनला हात लावू नका.

सुतारपक्षी

म्हणजे नाव मोठं असेल तर बदल पवित्र, नाव नसेल तर चालतंय? तत्त्व आहे की किंमत बघून ठरतंय?

काळी दारू

किंमत बघूनच. लबाडीही तिथेच होते. साध्या बंदुकीसाठी कोण खोटी वेलबुट्टी कोरत बसतो?

गारगोटी

बरोबर. आणि @सुतारपक्षी, आतला शिक्का तुम्ही इमानदारीने माराल, मान्य. तिसऱ्या मालकाला तो नको असेल तर कानसीचे दोन हात पुरतात.

सुतारपक्षी

मग कानसवाल्याला धरा ना, कारागिराला का झोडपताय? बाकी त्या जोडनळीला शेवटी बोली किती लागली?

गारगोटी

अंदाजाच्या वर. घेणाऱ्याने पट्टी तिरकी धरून बघितलीच नाही.