मदत हवी आहे: सिनेमा सुरू असला की पोकर टूर्नामेंटमधून बाहेर काढतंय

हडसनकाठ (शनिवार, सकाळी 9.40)
उद्या संध्याकाळी 6 ला मोठी टूर्नामेंट आहे, म्हणून घाईत लिहितोय. वीकेंडला टीव्हीवर सिनेमा आणि लॅपटॉपवर टूर्नामेंट अशी माझी पद्धत. काल रात्रीपासून पोकरचं सॉफ्टवेअर मध्येच "तुमचं लोकेशन पडताळता येत नाही" असं दाखवतं आणि टेबल बंद होतं. परत आत शिरेपर्यंत ब्लाइंड (पाळीने सक्तीने लावायच्या चिप्स) कापले जातात. नेट उत्तम आहे, 300 एमबीपीएस. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप रीस्टार्ट केला. साईटच्या सपोर्टकडून छापील उत्तर आलं. सॉफ्टवेअरची कॅश मेमरी साफ करा असं कृपया सांगू नका, केलंय.

तिर्री
अमेरिकेत कुठल्या राज्यात राहता? विंडोज की मॅक? वायफाय की केबल? सिनेमा कुठून लावता? यातलं काहीच लिहिलं नाहीत. नेटच्या वेगाचा आणि लोकेशनचा संबंध नाही.

झब्बू
एकाच वेळी दोन्ही कशाला? टूर्नामेंटमध्ये चाल करायला मोजके सेकंद मिळतात, टाइम बँक (राखीव जादा वेळ) संपली की हात आपोआप फोल्ड, म्हणजे डाव सोडल्यासारखा. सिनेमा आधी बघून घ्या आणि लेट रजिस्ट्रेशनमध्ये (टूर्नामेंट सुरू झाल्यावरही नाव नोंदवता येतं त्या वेळात) शिरा. प्रश्नच मिटला.

हडसनकाठ
न्यू जर्सीतली जर्सी सिटी, हडसन नदीलगतची इमारत. विंडोज 11. सिनेमा टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर, लॅपटॉपचा त्याच्याशी संबंध नाही. झब्बू, मी ते विचारलेलं नाही.

पत्तेवाला_एडिसन
जर्सी सिटी म्हणताय तिथेच सगळं आलं. नदीपलीकडे न्यूयॉर्क, आणि तिथे ऑनलाइन पोकरला परवानगी नाही. राज्याच्या हद्दीजवळ असलं की प्लगइन (पोकरच्या सॉफ्टवेअरसोबतचा, तुमची जागा तपासणारा प्रोग्राम) लोकेशन जास्त वेळा तपासतं. हद्दीपासून लांब एकदा तपासून बराच वेळ गप्प बसेल, तुमच्याकडे थोड्या थोड्या वेळाने विचारेल. न्यू जर्सीतच आत, एडिसनला या, बरीच कटकट वाचेल.

तिर्री
घर बदला हा सल्ला झाला का? आणि हद्द काल तिथे आली नाही. कालपासून काय बदललं ते शोधायला हवं. हडसनकाठ, लॅपटॉपवर व्हीपीएन (नेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) आहे का? ब्राउझरमधलं प्रॉक्सी एक्स्टेंशन, लॅपटॉप दुरून चालवायचं एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, फोनवरून माउस चालवायचं एखादं अॅप? यातलं काही मागे चालू असलं तरी प्लगइन नकार देतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर कंपनीचं व्हीपीएन आपोआप चालू होतं, तेही बघा.

हडसनकाठ
लॅपटॉप घरचा. त्यावर व्हीपीएन नाही. व्हीपीएन राउटरवर आहे, स्टिकवर मराठी सिनेमे दिसावेत म्हणून मुंबईचा सर्व्हर लावलाय. पण तो टीव्हीसाठी आहे.

नेटवर्क_नाना
अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! राउटरवर व्हीपीएन लावलं की घरातलं प्रत्येक यंत्र त्याच बोगद्यातून बाहेर पडतं, टीव्ही आणि लॅपटॉप असा भेद राउटर स्वतःहून करत नाही. आसपासच्या वायफायवरून प्लगइनला जर्सी सिटी दिसते आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) मुंबईचा. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून बाहेर. हे कालच लावलंत ना?

हडसनकाठ
काल संध्याकाळी. म्हणजे प्रत्येक वेळी व्हीपीएन बंद करायचं? मग सिनेमा थांबणार.

नेटवर्क_नाना
थांबायची गरज नाही. राउटरच्या पानावर व्हीपीएनच्या विभागात जा. बऱ्याच राउटरमध्ये कुठल्या यंत्राने व्हीपीएन वापरायचं हे ठरवता येतं.
1. स्टिकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तिचा मॅक पत्ता (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही) बघा. तो वापरून राउटरच्या डीएचसीपी यादीत (जिथून यंत्रांना आयपी वाटले जातात) तिला कायमचा आयपी द्या, नाहीतर रीस्टार्टनंतर पत्ता बदलेल आणि नियम भलत्याच यंत्राला लागेल.
2. व्हीपीएनचा नियम फक्त त्या आयपीला लावा, बाकी सगळं थेट.
3. डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) तपासा. राउटरने व्हीपीएनचाच डीएनएस सगळ्यांना वाटला असेल तर लॅपटॉपच्या विनंत्याही तिकडेच जातात. लॅपटॉपला वेगळा द्या.
4. लॅपटॉप रीस्टार्ट करून ब्राउझरमध्ये स्वतःचा आयपी बघा. तिथे मुंबई दिसली तर पोकर उघडूच नका. चुकीच्या देशातून वारंवार प्रयत्न झाले तर खातं तपासणीसाठी गोठवलं जातं.

राउटरमध्ये ही सोय नसेल तर राउटरवरचं व्हीपीएन काढा आणि स्टिकवरच व्हीपीएनचं अॅप टाका. माझ्या मते तेच बरं, बिघडलं तर एकच यंत्र बिघडतं.

पत्तेवाला_एडिसन
लॅपटॉपवरच व्हीपीएन टाकून स्प्लिट टनेलिंग (ठरावीक अॅप व्हीपीएनबाहेर ठेवणं) करा, पोकर वगळायचं. पाच मिनिटांचं काम.

तिर्री
नका करू. पोकर वगळलं तरी व्हीपीएनची सेवा आणि तिचा आभासी नेटवर्क अॅडाप्टर मशीनवर दिसतात, आणि प्लगइन त्यांनाही हरकत घेऊ शकतं. डिसकनेक्ट करून भागतंच असं नाही, कधी कधी अनइन्स्टॉल करावं लागतं. पोकरच्या मशीनवर ती गोष्ट नसलेलीच बरी.

रात्रपाळी
बहुतेक स्ट्रीमिंग सेवांच्या अटींत व्हीपीएन बसत नाही, तेवढं ध्यानात असू द्या. बरेच मराठी सिनेमे अमेरिकेतही अधिकृत दिसतात. आधी ते शोधा, मग व्हीपीएनचा प्रश्नच उरणार नाही.

कोकणकडा
पुण्यातून अशा अमेरिकेच्या साईटवर खेळता येईल का? इथे सगळं बंद झालंय.

तिर्री
नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवायला त्यात बंदी आहे, खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद ठेवलेला नाही. न्यू जर्सीच्या साईटला तर खेळणारा शरीराने राज्याच्या हद्दीत लागतो आणि वय 21 पूर्ण. व्हीपीएनने पकडले गेलात तर खात्यातली रक्कम अडकेल. समोरासमोर खेळायचं तर गोव्यातले कॅसिनो आहेत.

झब्बू
माझा मुद्दा तसाच राहिला. लेट रजिस्ट्रेशन घ्या. अडीच तासांचा सिनेमा निवांत होतो.

पत्तेवाला_एडिसन
आणि शिरताना हातात काय उरतं? 15,000 चिप्स आणि ब्लाइंड 50/100 असताना 150 बिग ब्लाइंड (दोनपैकी मोठ्या, म्हणजे 100 च्या ब्लाइंडच्या 150 पट) असतात. लेट रजिस्ट्रेशन संपताना ब्लाइंड 500/1,000 झाले असतील तर 15. मग ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड, मधलं काही शिल्लक नाही. ज्याला फ्लॉपनंतरचा (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यानंतरचा) खेळ जमतो त्याने वेळेवर बसावं.

झब्बू
15 बिग ब्लाइंडचा खेळ पुश-फोल्डच्या तक्त्याने (कुठल्या पत्त्यांवर सगळं लावायचं, कुठल्यांवर सोडायचं) नीट खेळता येतो. दोन तास लक्ष अर्धं सिनेमात ठेवून 150 चे 60 करण्यापेक्षा तो बरा.

रात्रपाळी
सिनेमा निवडताना बघा. सबटायटल वाचावी लागणारा सिनेमा आणि टेबल एकत्र जमत नाही, दोन्हीला डोळे लागतात. आधी पाहिलेला, संवादांवर चालणारा मराठी सिनेमा लावा. टीव्हीचा आवाज खोलीत, आणि लॅपटॉपचा "तुमची चाल" हा इशारा एका कानातल्या इअरफोनवर. बऱ्याच साईटवर तासाच्या 55 व्या मिनिटाला पाच मिनिटांचा ब्रेक असतो, उठायचं ते तेव्हाच. आणि दोनपेक्षा जास्त टेबलं नकोत. टर्बो म्हणजे झटपट टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड पाच मिनिटांत चढतात, तो सिनेमासोबत खेळायचा प्रकारच नाही.

पत्तेवाला_एडिसन
कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: 2026 पासून अमेरिकेच्या आयकरात हरलेल्या रकमेच्या 90 टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते, तीही आयटमाइज केलं (सरसकट वजावट न घेता एकेक वजावट दाखवली) तरच. हजार जिंकून हजार हरलात तरी 100 डॉलरवर कर लागू शकतो. प्रत्येक बाय-इनची (प्रवेशाच्या रकमेची) नोंद ठेवा.

हडसनकाठ (शनिवार, संध्याकाळी 5.15)
नाना, राउटरवरून व्हीपीएन काढलं, स्टिकवर अॅप टाकलं. लॅपटॉपचा आयपी आता न्यू जर्सीचा दिसतो. तरी लोकेशन मिळत नाही. आता काय?

नेटवर्क_नाना
लॅपटॉपला केबल लावलीय का? आणि वायफाय बंद?

हडसनकाठ
हो, वेग चांगला मिळतो म्हणून.

नेटवर्क_नाना
केबल राहू द्या, पण वायफाय चालू करा. जोडायची गरज नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतं, आसपासची वायफाय नेटवर्क वाचूनच जागा काढली जाते. तुमच्या जागी तर हे फारच महत्त्वाचं, कारण नुसत्या आयपीवरून नदीच्या अलीकडे की पलीकडे हे ठरत नाही. शिवाय विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग लोकेशन, तिथे "डेस्कटॉप अॅप्सना परवानगी" चालू हवी.

हडसनकाठ (6.05)
परवानगीच बंद होती. दोन्ही चालू केलं. छोट्या बाय-इनची टूर्नामेंट लावलीय, टीव्हीवर सिनेमाही सुरू आहे. अर्ध्या तासात एकदाही बाहेर काढलेलं नाही. नाना, तिर्री, मनापासून आभार.

तिर्री
उद्या 6 ला नाही, 5.30 लाच लॉगिन करा. आणि खात्यातली डिपॉझिटची मर्यादा आजच ठरवून टाका. ती कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायला थांबावं लागतं.

कोकणकडा
गोव्यातल्या कॅसिनोंत बाय-इन साधारण किती असतो?