कॅरी ग्रँटला घडवले कोणी: ब्रिस्टलच्या रंगमंचाने की पॅरामाउंटने?

रीळवेडा (धागाकर्ता)

हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट याच्या उदयाची कथा बहुतेक जण १९३२ पासून सांगतात, म्हणजे पॅरामाउंट स्टुडिओने आर्चिबाल्ड लीच या देखण्या इंग्लिश तरुणाला नवे नाव देऊन पडद्यावर आणले तेव्हापासून. माझ्या मते नट म्हणून तो त्याआधीच घडला होता आणि पॅरामाउंटने त्याची पुढची पाच वर्षे जवळजवळ वाया घालवली.

त्याचा जन्म १९०४ मध्ये ब्रिस्टलच्या हॉरफील्ड भागात झाला. वडील कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीचे काम करीत. तो नऊ-दहा वर्षांचा असताना आई एकाएकी घरातून नाहीशी झाली. ती समुद्रकिनारी विश्रांतीसाठी गेली आहे असे त्याला सांगण्यात आले. प्रत्यक्षात तिला मनोरुग्णालयात ठेवले होते आणि ती जिवंत असल्याचे त्याला तिशीत कळले. घरात मन न लागणारा हा मुलगा नाट्यगृहांच्या पडद्यामागे रमू लागला आणि १९१८ मध्ये शाळेतून काढून टाकल्यावर बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या मंडळीत गेला. कोलांट्या, उंच काठ्यांवर चालणे, मूकाभिनय आणि न लागता पडणे हे सारे तो तेथे शिकला. १९२० मध्ये मंडळी 'ऑलिंपिक' जहाजाने न्यूयॉर्कला गेली. दोन वर्षांनी ती परतली, हा मात्र तेथेच राहिला. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी पायांना काठ्या बांधून जाहिरात करीत हिंडण्यापासून वॉदव्हिलच्या (गाणी, नकला, कसरती अशा मिश्र करमणुकीच्या) खेळांपर्यंत मिळेल ते काम त्याने केले. १९३८ च्या 'हॉलिडे' चित्रपटातील त्याच्या कोलांट्या पाहाव्यात. त्या त्याला स्टुडिओने शिकवलेल्या नाहीत.

तिसरी घंटा

असहमत. कोलांट्या मारणारे त्या काळी पुष्कळ होते, पण पेंडरच्या मंडळीतून दुसरा कॅरी ग्रँट निघाला नाही. १९३२ या एका वर्षात पॅरामाउंटने त्याला सात चित्रपट दिले, 'ब्लाँड व्हीनस'मध्ये प्रसिद्ध अभिनेत्री मार्लेन डीट्रिखसमोर उभे केले आणि पुढच्या वर्षी अभिनेत्री मे वेस्टबरोबरच्या दोन तुफान चाललेल्या चित्रपटांमुळे तो घराघरांत पोहोचला. शिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा अभिनय करणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर किती कमी करायचे हे शिकावेच लागते. आपण म्हणता तसा तो आधीच घडलेला असता, तर 'ब्लाँड व्हीनस'मध्ये इतका अवघडलेला का दिसतो?

खिडकीजवळचा

एक पुरवणी. त्याला आपणच शोधून काढले असे मे वेस्ट सांगत असे. ते खरे नाही; तिच्याबरोबरचा पहिला चित्रपट येण्यापूर्वी 'हॉट सॅटर्डे'मध्ये तो नायक झालेला होता.

रीळवेडा

अवघडलेला दिसतो, कारण त्याला उत्तम कपडे घालून नायिकेशेजारी उभे राहण्यापलीकडे फारसे कामच दिले जात नव्हते. १९३५ मध्ये पॅरामाउंटने त्याला आरकेओ या दुसऱ्या स्टुडिओकडे उसना दिला आणि दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरने 'सिल्व्हिया स्कार्लेट'मध्ये त्याला लंडनच्या कनिष्ठ वर्गातील भामट्याची भूमिका दिली. चित्रपट साफ पडला, पण ज्या वर्गातून तो आला त्या वर्गाचा माणूस रंगवताना त्याचे चालणे-बोलणे एकदम मोकळे झाले. जे पॅरामाउंटला तीन वर्षांत दिसले नाही, ते क्यूकरला एका चित्रपटात दिसले.

मॅटिनी

तुम्ही दोघेही दिग्दर्शक लिओ मॅकेरीला विसरता आहात. ज्याला आपण आज कॅरी ग्रँट म्हणतो तो माणूस पडद्यावर प्रथम पूर्णपणे दिसतो तो १९३७ च्या 'द ऑफुल ट्रुथ'मध्ये, आणि गंमत म्हणजे तो चित्रपट त्याला सोडायचा होता. मॅकेरी पक्क्या संहितेऐवजी सेटवरच प्रसंग सुचवीत असे. त्याने ग्रँट इतका धास्तावला की सहकलाकार राल्फ बेलामीशी भूमिका बदलून घेण्याचीही त्याची तयारी होती. ब्रिस्टलची तयारी अंगात होती हे मान्य, पण तिचे काय करायचे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

मात्र एका गोष्टीचे श्रेय त्याचे एकट्याचे आहे. पॅरामाउंटचा करार संपल्यावर त्याने तो पुन्हा केला नाही. कोलंबिया आणि आरकेओ या दोन्ही कंपन्यांशी, कोणा एकाशीच बांधून न घेता, करार केले. नट स्टुडिओच्या मालकीचे समजले जात त्या काळात हे धाडसच होते.

तिसरी घंटा

धाडस खरे, पण ते परवडले कशामुळे? 'सिल्व्हिया स्कार्लेट' पडल्यानंतरही त्याच आरकेओने त्याला पुन्हा बोलावले, ते पेंडरच्या कोलांट्यांसाठी नव्हे. पॅरामाउंटने वीसेक चित्रपटांतून लोकांच्या ओळखीचा केलेला चेहरा आणि स्वतः दिलेले ते नाव त्यांना हवे होते.

रीळवेडा

चेहरा ओळखीचा केला, हे मान्य. नावाचे श्रेय मात्र निम्मेच द्यावे लागेल. 'ग्रँट' स्टुडिओत सुचवले गेले. 'कॅरी' हे १९३१ मध्ये ब्रॉडवेवरील 'निक्की' या संगीतिकेत त्याने केलेल्या पात्राचे नाव होते, आणि तेव्हा तो अजून आर्ची लीचच होता.