नकाशात बालवाडी कुठाय?

आर्किटेक्चरनंतर नगररचनेत मास्टर्स करताय, वस्त्यांमध्ये काम करायचंय, पण अभ्यासक्रमात माणसं कुठे दिसतच नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझंही अगदी असंच झालं होतं.

मला वाट सापडली ती मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यामुळे, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशामुळे. २०१५ साली त्याचा पहिला मसुदा आला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की सरकारने तो नव्याने करायचा आदेश दिला. त्या दिवसांत मी एका वस्तीत हरकतींचे अर्ज भरून द्यायला बसायचे. नकाशा जमिनीवर पसरला की रंगांच्या सूचीकडे कुणी बघायचंच नाही. एका मावशींनी नाल्यावर बोट ठेवलं, तिथून मोजत मोजत आपली गल्ली काढली आणि विचारलं, "आमची बालवाडी कुठाय यात?" नव्हतीच. त्यांचं वाक्य जसंच्या तसं अर्जात उतरवलं. नियोजन म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

म्हणून कळकळीने सांगते, एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याची कलमं २६ आणि २८ नीट वाचा. हरकती, सुनावणी, सगळं तिथेच आहे. फेरीवाल्यांबरोबर काम करायचं असेल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा बघा. त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवालेच असावे लागतात. थिसिसचा विषय यातूनच निघेल.

आणि वस्तीत नेताना नकाशावरची नावं मराठीत टाका, प्रिंट मोठी काढा. ए-फोरवर नालासुद्धा सापडत नाही.