निरोगी पोट कॅप्सूलने आणखी किती सुधारणार?

आकडेमोड: 'वीस जणांना दोन आठवडे प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी मानलेले जिवंत जिवाणू) द्या, आधी-नंतर पोट कसं वाटतं ते विचारा, झालं सिद्ध' हा कालचा बेत वाचून डोकं उठलं. अहो, तुलनेचा गट कुठाय? कॅप्सूल घेतोय हे ठाऊक असलेला माणूस 'हलकं वाटतंय' म्हणणारच. निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन (जिवाणू नसलेली स्टार्चची पूड) द्या, आणि कुणाला काय गेलं हे कॅप्सूल वाटणाऱ्यालाही कळू देऊ नका. आधी दोन आठवडे नुसती नोंद: शौचाला दिवसातून किती वेळा, आणि ब्रिस्टल तक्त्यावर (कडक ते पातळ असे शौचाचे सात प्रकार) कितवा प्रकार. मुख्य मोजमाप एकच, तेही आधी लिहून ठेवलेलं. वीस गोष्टी मोजल्यात तर एखादी नशिबानेच जुळते.

विरजणकर: निरोगी माणूस तक्त्यावर आधीच तिसऱ्या-चौथ्या प्रकारात असतो. तो सुधारून जाणार कुठे?

आकडेमोड: हे मात्र खरं. म्हणून कमी वेळा जाणारे निवडायचे. चिकोरीच्या मुळातल्या इन्युलिन या तंतूला युरोपने 2015 मध्ये मंजुरी दिली ती तेवढ्याच दाव्यापुरती: रोज 12 ग्रॅम, शौचाची वारंवारता वाढते.

भुसी: इन्युलिनचं ब्लाइंडिंग, म्हणजे कोण कुठल्या गटात हे लपवणं, जमणार कसं? पहिल्याच दिवशी 12 ग्रॅम द्या, संध्याकाळपर्यंत गुडगुड ऐकून गडी स्वतःच गट ओळखेल. थोड्यापासून चढवा. शेवटी प्रत्येकाला 'काय मिळालं असं वाटतं?' विचारा. बहुतेकांचा अंदाज बरोबर आला, तर चाचणीवर पाणी.

विरजणकर: एवढा खटाटोप कशाला? वाटीभर घरचं दही खा. त्यात जिवाणू नाहीत की काय?

सूक्ष्मदर्शी: आहेत, पण कोणते आणि किती? प्रोबायोटिक म्हणायला स्ट्रेन (जिवाणूचा नेमका वाण) माहीत हवा, आणि एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अटीप्रमाणे रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू. तुमचं विरजण दर घरी वेगळं. कढी केलीत की तेही मेले.

विरजणकर: कढीवर घसरू नका! पिढ्यान्‌पिढ्या ताकावर जगल्या.

सूक्ष्मदर्शी: पिढ्यांना तुलनेचा गट नव्हता. लॅक्टोज न पचणाऱ्यांना दह्यातल्या जिवंत जिवाणूंची मदत होते, एवढं युरोपनेही मानलंय. घ्या, झालात खूश?

आकडेमोड: चाचणीत खरा घोळ दह्याचाच. बंद करा म्हणालात तर लोक गळतील. दही खाणारे दोन्ही गटांत सारखे वाटा आणि नेहमीचं खाणं बदलू नका म्हणा.

भुसी: पोटातले जिवाणूही तपासायचे तर विष्ठेचा नमुना लगेच गोठवा, बाहेर राहिला की काही जिवाणू त्यातच वाढतात. शिवाय जिवाणूंची यादी बदलली म्हणजे पोट सुधारलं असं नव्हे. कोपनहेगनच्या 2016 च्या आढाव्यात निरोगी प्रौढांवरच्या सात चाचण्या होत्या. त्या यादीवरही ठोस परिणाम दिसला नाही.

विरजणकर: बरं बाबा, ठेवा तुलनेचा गट. पण ताकाचीच चाचणी करा. प्लासिबो, म्हणजे तुलनेचं खोटं ताक, म्हणून तेच उकळून द्या.

सूक्ष्मदर्शी: उकळलंत की फुटेल. कढीला बेसन उगाच लावत नाहीत. विरजण न घालता दूध लॅक्टिक आम्लाने आंबट करा, मग घुसळा.

विरजणकर: म्हणजे शेवटी कढीच कामी आली.