मदत हवी आहे: टॅरंट्युलाच्या रॅकला मुंग्या, बोरिक आमिष ठेवू का?

रॅकवर टॅरंट्युलाचे (पाळलेले मोठे केसाळ कोळी) 4 डबे, खाली त्यांच्या खाद्यासाठी रातकिड्यांची पेटी. रातकिड्यांना ठेवलेल्या गाजराच्या ओलीला बारीक पिवळ्या मुंग्या येतात. एक टॅरंट्युला कात टाकायला उताणी पडलीय, अशात मुंग्या चावल्या तर तिला प्रतिकार करता येत नाही, म्हणून घाई.

रॅकचे पाय साबणपाण्याच्या वाट्यांत ठेवलेत, जुन्या दुभत्याच्या कपाटासारखे. पण दोन दिवसांत पाण्यावर धुळीची साय धरते आणि मुंग्या तिच्यावरून पार! रॅक भिंतीपासून लांब आहे, वायर कुठे टेकत नाही, गाजर रोज काढतो. मुंग्या मारायचा फवारा किंवा खडू नकोच. कोळ्यालाही ते विषच, शिवाय फवाऱ्याने या मुंग्यांची वसाहत फुटून पसरते.

आता 100 मिली साखरपाण्यात 1 ग्रॅम बोरिक ॲसिड घालून भिंतीच्या फटीशी ठेवायचंय. ते प्यायलेल्या मुंग्या रातकिड्यांनी खाल्ल्या आणि ते रातकिडे टॅरंट्युलाने, तर धोका कितपत? आणि वाट्यांत पाण्याऐवजी खाद्यतेल टिकेल का?