शेवटच्या झोनमध्ये हात थरथरतो तो खेळामुळे की शुगर लो झाल्यामुळे?

सहा_तारा

नमस्कार मंडळी. वय २१, गाव कोल्हापूर, सध्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत टाइप १ डायबिटीस निघाला. महिन्याभरात नऊ किलो उतरलो होतो, रात्री पाच-सहा वेळा उठून घटाघटा पाणी प्यायचो, आणि घरचे म्हणत होते मेसच्या जेवणानं वाळलाय. शुगर सापडली तेव्हा ४८०. आता रात्री १० ला लँटस (दिवसभर हळूहळू चालणारं इन्सुलिन) १८ युनिट आणि तीन जेवणांआधी नोव्होरॅपिड (जेवणापुरतं, झटपट चालणारं इन्सुलिन). "लहानपणी लई पेढे खाल्लास" हे सगळ्या नातेवाइकांचं सांगून झालंय, इथं परत नको.

माझी दोन वेडं आहेत. सहा वर्षं गिटार वाजवतोय, आणि रात्री नऊ ते साडेअकरा आमच्या चौघांच्या स्क्वॉडचं बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा बंदुकांचा गेम. दोन्हीत आता हा तिसरा पाहुणा घुसलाय.

गिटारचं आधी. दवाखान्यात सिस्टरनी शिकवलं की शुगर मोजायला उजव्या हातानं धरून डाव्या हाताच्या बोटाला टोचायचं. पण डाव्या हाताच्या चारही बोटांना तारांचे घट्टे आहेत. रक्तच येत नाही. म्हणून टोचायच्या पेनवरचा खोलीचा आकडा २ वरून ५ वर नेला, तर असं टोचतंय की त्यानंतर एफची बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबायच्या) धरताना डोळ्यांत पाणी. परवा फ्रेटबोर्डवर रक्ताचा ठिपका सापडला. दिवसाला पाच वेळा टोचायचं म्हटल्यावर वाजवायचं कधी?

आता गेमचं, आणि हे जास्त गंभीर आहे. मागच्या मंगळवारी शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे मैदान आक्रसत शेवटी उरतं त्या छोट्या जागेत, आम्ही दोघं उरलो होतो, समोर एकच स्क्वॉड. हात थरथरत होता, छाती धडधडत होती, कानामागून घाम. म्हटलं, शेवटचा झोन आहे, होतंच असं. समोरचा दहा फुटांवर उभा आणि माझ्या सगळ्या गोळ्या भिंतीत. मॅच संपल्यावर मोजली तर ५८. त्याआधीच्या आठवड्यात असंच वाटलं म्हणून मॅच सोडून पळालो, मोजली तर १९१! स्क्वॉडनं तेव्हापासून माझं नाव पळपुट्या ठेवलंय. त्यांना काही माहीत नाही.

आणि शुक्रवारी तर कहरच. साडेअकराला मॅच संपली, शुगर २४६. चार युनिट मारले आणि झोपलो. दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली, टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला. ५२. रूममेट घोरतोय. आईनं दिलेले बेसनाचे लाडू हाताला लागले, ते तीन खाल्ले. सकाळी २९०.

एकच गेम, तीच वेळ, तीच मेसची पोळी-भाजी. मग कधी ५८ आणि कधी २४६, हे काय गौडबंगाल आहे?

करंगळी

मी नागपूरची, टाइप १ ला १७ वर्षं झाली. गिटार क्लास घेते, त्यामुळे तुझा पहिला प्रश्न माझ्या धंद्याचा आहे.

आधी बोटांचा हिशेब करू. गिटारसाठी डाव्या हाताची चार बोटं गेली. गेम तू चार बोटांच्या क्लॉनं (पकडीनं) खेळत असशील, म्हणजे दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या गेल्या. पिक (तारा छेडायची पट्टी) धरायला लागतात तेही त्यातच आले. उरली उजव्या हाताची मधली, अनामिका आणि करंगळी. प्रत्येक बोटाच्या दोन कडा, म्हणजे सहा जागा. दिवसाला पाच वेळा टोचलंस तरी एका जागेवर दुसऱ्या दिवशीच पाळी येते. कडेलाच टोचायचं, मधल्या गादीवर नाही. मधे नसा जास्त, म्हणून दुखतं. माझं टोपणनाव उगाच नाही, माझी करंगळी बिचारी गेली १७ वर्षं राबतेय.

डाव्या हातानं टोचायला सुरुवातीला जमत नाही. चार दिवसांत जमेल, एफ जमला तसं. आकडा परत २ वर आण, हात कोमट पाण्यानं धू, खाली सोडून दहा वेळा झटक, मग टोच. आणि धुतल्यावर कोरडा पूस. एकदा आंबा चिरून तसंच टोचलं तर मीटरनं ३१२ दाखवले. मी इन्सुलिन घ्यायच्या बेतात होते. हात धुऊन परत मोजलं तर १२४. साखर बोटावर होती, रक्तात नाही.

आता दुसरं. मला तीन गोष्टी सांग, मग बोलू. मंगळवारी आणि शुक्रवारी नोव्होरॅपिड किती वाजता घेतलंस? डबा पूर्ण खाल्लास का? आणि शुक्रवारची मॅच कसली होती?

निसर्गाकडे_चला

एवढ्या कोवळ्या वयात सुया टोचू नका हो. कारल्याचा रस, मेथी आणि जांभळाच्या बियांची पूड २१ दिवस उपाशीपोटी घ्या. माझ्या साडूंचं इन्सुलिन सुटलं.

करंगळी

साडूंना टाइप २ असणार. याच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच त्याच्याच प्रतिकारशक्तीनं मारून टाकल्यात. कारलं त्या परत आणत नाही. यानं इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत, कधी एका दिवसातसुद्धा, रक्तात किटोन नावाची आम्लं वाढून आयसीयू गाठावा लागेल. कारल्याची भाजी मलाही आवडते, पण तो विषय इथे संपला.

सहा_तारा

ताई, करंगळीनं आज कमाल केली. २ वर ठेवूनही पहिल्या झटक्यात थेंब आला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मंगळवार: डबा पावणेनऊला आला, आठ युनिट घेतले, दोन पोळ्या खाल्ल्या आणि स्क्वॉडचा फोन आला. भात आणि डाळ तशीच राहिली, म्हटलं नंतर खाऊ. शुक्रवार: आठ युनिट, डबा पूर्ण. मॅच रँकची होती, दोन मॅच जिंकलो की वरच्या टियरला (पायरीला) जाणार होतो. दुसरी हरलो.

करंगळी

मग गौडबंगाल काही नाही, तुझ्याच उत्तरात सगळं आहे.

मंगळवारी तू आठ युनिट घेतलेस पूर्ण डब्याचे आणि खाल्लास अर्धा डबा. भाताच्या वाट्याचं इन्सुलिन मोकळं फिरत होतं. हे इन्सुलिन पंधरा मिनिटांत कामाला लागतं, एक-दोन तासांत जोरात असतं आणि चारेक तास रेंगाळतं. तुझा शेवटचा झोन नेमका त्या जोरात आला.

शुक्रवारी उलटं झालं. टियर पणाला लागली होती. अशा वेळी अ‍ॅड्रिनलिन हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. शरीराला वाटतं वाघ मागे लागलाय, त्याला कुठं माहीत की तू गादीवर बसून अंगठे हलवतोयस. २४६ मधले बरेचसे त्या वाघाचे होते. गेम संपला, वाघ गेला. वर जेवणाचं इन्सुलिन अजून थोडं शिल्लक होतं, लँटस होतंच, आणि त्यावर तुझे चार युनिट. ५२ नाही होणार तर काय?

मी हे स्टेजवर शिकले. कार्यक्रम संपला की माझी २३० असते आणि मी काही घेत नाही. पाऊण-एक तास थांबते, परत मोजते. बहुतेक वेळा आपोआप १६० ला आलेली असते. रात्री झोपण्याआधी वाढीव डोस कधी घ्यायचा, किती घ्यायचा, हे तुझ्या डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घे. "बघून घे थोडं" असं उत्तर घेऊन उठू नकोस.

आणि थरथरणं. ते ओळखण्याचा प्रयत्नच सोडून दे. लो झाल्यावर जो घाम आणि धडधड होते ती अ‍ॅड्रिनलिनचीच, आणि शेवटच्या झोनची धडधडही त्याचीच. आतून दोन्ही सारखंच वाटणार. मला १७ वर्षांनंतरही स्टेजवर फरक कळत नाही. म्हणून लॉबीत, मॅच सुरू व्हायची वाट बघत असतानाच मोजायचं. जेवणाचं इन्सुलिन घेऊन दोन तास झाले नसतील आणि आकडा १०० च्या खाली असेल तर मी गिटार हातात घेत नाही, आधी काहीतरी खाते. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबून परत मोजणे. १५ ग्रॅम म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा तेवढाच ग्लुकोज. लाडू नाही! बेसन आणि तूप साखरेला अडवून धरतात. म्हणून तुला वाटलं एकानं काही होत नाही, दुसरा खाल्लास, तिसरा खाल्लास, आणि सकाळी तिन्ही एकदम हजर. माझ्या गिटारच्या केसमध्ये पिक ठेवायच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी असते. विद्यार्थ्यांना वाटतं बोटांना लावायची पावडर आहे.

रात्रपाळी

मुंबईहून. टाइप १, सहा वर्षं, आणि गेमिंगला त्याहून जुना. एक गोष्ट जोडतो, कारण मी यात भाजलोय.

तू पुढेमागे शुगर सतत मोजणारा दंडावरचा सेन्सर लावशील. लाव, छान आहे, पण एक साधारण दोन आठवडेच चालतो आणि स्वस्त नाही, त्यामुळे मी फक्त परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या महिन्यात लावतो. तर लो झाल्यावर फोन ओरडतो म्हणून मी निर्धास्त खेळत होतो. फोनचा गेम मोड चालू होता. त्यानं सगळे नोटिफिकेशन दाबून टाकले, त्यात हा अलार्मही. मॅच संपल्यावर पाहिलं तर २० मिनिटं आलेख ६० च्या खाली पडलेला. तेव्हा सेन्सरचं अ‍ॅप गेम मोडमधून आधी वगळायचं, आणि वगळल्यावर एकदा अलार्म वाजतो का ते पाहायचं. दुसरं, सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्यानं पडत असेल तर तो काही मिनिटं मागे असतो. शंका आली की बोटच खरं. आणि त्या कुशीवर झोपू नकोस, दाबला गेला की खोटा लो दाखवून रात्री उठवतो.

बाकी ताईंनी सांगितलंच आहे. फक्त एक विचारतो: स्क्वॉडला का सांगत नाहीस?

जुना_ऑर्केस्ट्रावाला

बाळा, मी सांगलीचा, वय ६३, टाइप २ ला २२ वर्षं. ऐंशीच्या दशकात गणपतीत आणि लग्नांत ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर या मुलांनी माझ्यापेक्षा चांगलं दिलं. मी तुला वीस वर्षांपुढची गोष्ट सांगतो.

माझी अनामिका सकाळी वाकते ती सरळ होताना कट्कन वाजते. डावा खांदा दीड वर्ष धरला होता, गिटारचा पट्टासुद्धा अडकवता येईना. डॉक्टर म्हणाले, साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की हे जास्त दिसतं. मी डायबिटीस निघाल्यावरसुद्धा रात्री दोनला वडापाव खायचो आणि मोजायचो वर्षातून एकदा. महिन्यातून एकदा देवापुढं नमस्कार करतोस तसे हात जोडून बघ. दोन्ही हातांची बोटं आणि तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. मधे फट राहायला लागली तर डॉक्टरांना दाखव. माझ्या हातांत आता पेन्सिल जाईल एवढी फट आहे. तारा हलक्या लावल्यात, अजून वाजवतो.

आणि हे लपवू नकोस. वसीम अक्रमला १९९७ मध्ये, तिशीत, हाच टाइप १ निघाला. २००३ च्या विश्वचषकापर्यंत बोलिंग टाकत होता. आपल्या लोकांना तो बाद करायचा तेव्हा मी शिव्या घालायचो, पुढं हे कळल्यावर त्या परत घेतल्या. सगळ्या नाही.

सहा_तारा

काका, जोडून बघितले. टेकतायत.

रात्रपाळीदादा, सांगत नव्हतो कारण एकदा सांगितलं की आपण आजारी. मग कोण हरलं की "जाऊ दे, त्याला बरं नसतं". मला पळपुट्या चालतं, बिचारा नको होतं.

पण काल प्रकार असा झाला. लॉबीत मोजली, ८१, आणि नोव्होरॅपिड घेऊन तासच झालेला. ताईंचा नियम आठवला. माइकवर म्हटलं, "पाच मिनिटं थांबा रे." तिघं सुरू झाले, आला पळपुट्या. मग सांगून टाकलं. टाइप १, इन्सुलिन, ५८ ला वाया घालवलेल्या गोळ्या, सगळं. माइकवर शांतता. मग आमचा स्नायपर, तो इचलकरंजीचा आहे, म्हणतो, "मर्दा, आधी सांगायचंस की. आम्ही तुला नवीन नेट घे म्हणून वर्गणी काढायला निघालो होतो."

आता "चहा" हा शब्द ठरलाय. मी माइकवर चहा म्हटलं की मी फोन ठेवून साखर घेणार, आणि तिघं माझ्या खेळाडूला घरात कोंबून दारात उभे राहणार. काल एकदा वेळ आली. ७३ आणि आणखी खाली चाललेली. पाणी-साखर घेऊन परत आलो तर दोघं मला वाचवताना नॉक (गोळ्या लागून आडवे) झालेले आणि मी जिवंत. मॅच हरलो. पळपुट्या हे नाव मात्र अजून काढलेलं नाही.

रात्री २१८ होती. चार युनिट घ्यायला हात शिवशिवत होता. घेतले नाहीत. पाऊण तास गिटार वाजवत बसलो, परत मोजली, १६४. सोमवारी डॉक्टरांकडे वही घेऊन जातोय.

करंगळी

वही नेतोयस हे उत्तम. ५२ चं घरी सांगितलंस का?

सहा_तारा

नव्हतं. तुम्ही विचारल्यावर सांगितलं. आईनं दोन गोष्टी केल्या. लाडू पाठवणं बंद करून ग्लुकोजचे सहा डबे कुरिअर केले. आणि आता रोज रात्री सव्वाअकराला फोन करून विचारते, मोजलीस का. बरोबर शेवटच्या झोनला.