एकाच मॅडमचे पेपर मेंदूवर पण आणि इम्युनिटीवर पण, पीएचडीला असा गाईड घ्यावा का?

फोंड्याची_पूर्वा

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची, ताळगावला विद्यापीठात फिजिक्सच्या एमएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची हे डोक्यात पक्कं आहे, न्यूरॉनची म्हणजे चेतापेशींची मॉडेलं, स्पाइक ट्रेन (त्यांच्या सिग्नलांची मालिका) वगैरे. बाहेरच्या एका मॅडमना मेल टाकला होता, त्यांनी वेळ काढून छान सविस्तर उत्तर दिलं आणि मग मी त्यांची पेपरांची यादी उघडली तर गोंधळूनच गेले. सुरवातीचे सगळे पेपर रेटिनातल्या (डोळ्याच्या पडद्यातल्या) न्यूरॉनवर, मधेच अँटीबॉडी आणि टी सेल (इम्युनिटीच्या पेशी) चालू, मग परत एक न्यूरॉनचा, आणि गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळं इम्युनॉलॉजी. एक पेपर तर सोन्याच्या नॅनोकणांवर आहे!

आमचे काका बारावीला बायोलॉजी शिकवतात, ते म्हणाले धड ना इकडे धड ना तिकडे असल्या माणसांपासून लांब रहा, पुढे नोकरीला तुला कोण विचारणार. वर्गातले म्हणतात फंडिंग जिकडे मिळतं तिकडे लोक जातात, त्यात काय एवढं. मी बायोलॉजी दहावीनंतर सोडली, त्यामुळे मला खरंच कळत नाहीये की ह्या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध आहे की मॅडमनी सरळ क्षेत्र बदललं. आणि अशी यादी वाचायची तरी कशी? जाणकारांनी जरा सांगा, मेलला उत्तर द्यायचं राहिलंय.

मांडवीपार

पूर्वा, संबंध आहे आणि तो चांगला जुना आणि खोल आहे, काकांना माझा नमस्कार सांग पण ह्या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

आधी दोन मोठी नावं. जेराल्ड एडलमनला १९७२ चं नोबेल मिळालं ते अँटीबॉडीच्या रचनेसाठी, रॉडनी पोर्टरबरोबर विभागून, आणि नंतरचं सगळं आयुष्य त्याने मेंदूवर घालवलं. सुसुमु तोनेगावाला १९८७ चं नोबेल अँटीबॉडीची जीन्स तुकडे जोडून कशी तयार होतात ह्या शोधासाठी, आणि तोही पुढे उंदरांच्या स्मृतीवर काम करायला लागला, २०१२ मध्ये त्याच्या लॅबने प्रकाशाने ठराविक न्यूरॉन चालू करून उंदराला जुनी भीती आठवायला लावली. ही दोघं काय अर्धवट माणसं म्हणायची का? मेंदू काय आणि इम्युनिटीची यंत्रणा काय, दोन्ही अनुभवातून शिकतात, लक्षात ठेवतात, आणि कधी न पाहिलेल्या गोष्टीलाही उत्तर देतात, त्यामुळे एकीकडे काम केलेल्याला दुसरीकडचं दार दिसतंच. मात्र हेही सांगतो की नुसत्या साम्यावर भिस्त ठेवली की घसरायला होतं. एडलमनने शरीर अँटीबॉडी निवडतं तशी मेंदूत न्यूरॉनच्या गटांची निवड होते अशी थिअरी मांडली, तिच्यावर डीएनएवाल्या फ्रान्सिस क्रिकने जाहीर आणि सडकून टीका केली होती.

पण तुझ्या मॅडमच्या यादीवरून मला वेगळाच धागा दिसतो आणि तू फिजिक्सची असल्याने तुला तो लगेच कळेल. २००६ मध्ये नेचर जर्नलमध्ये श्नाइडमन, बेरी, सेगेव्ह आणि बियालेक ह्यांचा पेपर आला, सॅलमँडरच्या रेटिनातले न्यूरॉन एकत्र रेकॉर्ड केलेले. २० मिलिसेकंदांचा एकेक कप्पा करायचा, त्यात न्यूरॉन वाजला (म्हणजे त्याने सिग्नल दिला) तर १ नाही वाजला तर ०, आणि मग नुसते सरासरी रेट आणि जोड्याजोड्यांचे संबंध एवढंच वापरून बाकी काहीही न गृहीत धरणारं मॉडेल बांधायचं. हे मॉडेल म्हणजे काय निघतं तर आपलं फिजिक्समधलं चुंबकाचं आयझिंग मॉडेल, स्पिनच्या (वर किंवा खाली वळलेल्या छोट्या चुंबकांच्या) जागी न्यूरॉन! १० न्यूरॉन घेतले तर १०२४ नमुने शक्य आहेत आणि त्यांचं वर्णन ५५ आकड्यांत होतं, १० एकेकटे आणि ४५ जोड्या, आणि तेवढ्यावर बहुतेक सगळी रचना पकडली जाते. आता पुढे बघ, २०१० मध्ये मोरा, वाल्चाक, बियालेक आणि कॅलन ह्यांनी हीच पद्धत झेब्राफिशच्या अँटीबॉडीवर लावली. न्यूरॉनच्या जागी अँटीबॉडीच्या प्रोटीन साखळीतली एकेक जागा, ० आणि १ च्या जागी तिथे बसलेला अमिनो आम्ल. गणित तेच, डेटा दुसरा, आणि बियालेकचं नाव दोन्हीकडे आहे, म्हणजे हे क्षेत्र सोडून पळणं नव्हे, हत्यार हातात आहे म्हणून पुढचं काम घेणं आहे. मॅडमच्या पेपरांतलं मेथड्स उघडून बघ, एन्ट्रॉपी, इन्फरन्स, लाइकलीहूड हे शब्द दोन्हीकडे दिसले तर समज की त्या पहिल्यापासून एकच काम करतायत.

सत्तरीतला_डॉक्टर

वरचं सगळं पटलं, पण एक डॉक्टर म्हणून दोन शब्द, कारण गणितवाल्यांची मॉडेलं पेशंटच्या किती उपयोगाची असा प्रश्न आमच्यात कायम निघतो आणि त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर इम्युनॉलॉजीतच आहे, न्यूरोसायन्समध्ये नाही.

एचआयव्हीचं बघ. इन्फेक्शननंतर वर्षानुवर्षं रक्तातल्या व्हायरसची पातळी साधारण स्थिर असते म्हणून लोक समजायचे की व्हायरस शांत बसलाय. १९९५ आणि १९९६ मध्ये डेव्हिड हो, अॅलन पेरेलसन वगैरेंनी काय केलं, पेशंटना नवीन औषध सुरू केलं (१९९६ च्या पेपरात रिटोनावीर, पाचच पेशंट) आणि पातळी कशी उतरते हे पुन्हापुन्हा रक्त तपासून मोजलं, आणि त्या उतरणीला साधी डिफरन्शियल समीकरणं बसवली. उत्तर काय निघालं तर रक्तातला व्हायरसचा कण सहाएक तासांत निम्मा होतो, इन्फेक्टेड पेशी दीडेक दिवसात निम्म्या होतात, आणि रोज सुमारे १००० कोटी नवीन कण तयार होत असतात. देवळाच्या तळीला झर असते ना, पाणी कायम तेवढंच दिसतं पण येणारं आणि जाणारं पाणी सतत चालू असतं, तसं. आणि एवढ्या वेगाने कॉप्या निघणार म्हटल्यावर म्युटेशन होणारच आणि एकटं औषध फार दिवस टिकणार नाही, दोनतीन औषधं एकत्रच द्यायला हवीत, ही गोष्ट आकड्यांनी पक्की झाली. पाच पेशंट आणि थोडं कॅल्क्युलस! हे मी ज्युनियर डॉक्टरांना आवर्जून सांगतो.

दुसरं, मेंदू आणि इम्युनिटी हे शरीरात वेगळे राहतच नाहीत. २००७ मध्ये बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंटची प्रोटीनं वाढत्या मेंदूत नको असलेल्या सायनॅप्सवर (न्यूरॉनमधल्या जोडण्यांवर) पण खूण करतात. आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप आहे, काजूच्या हंगामात लोक रानात जातात, गोचीड चावते आणि ताप येतो. बहुतेकांचा उतरतो, पण काहींना आठवड्या दोन आठवड्यांनी परत ताप चढतो आणि ह्या खेपेला डोकं भयंकर दुखतं, हात कापतात, माणूस बरळतो. आता हा मेंदूचा आजार की इम्युनिटीचा? खाटेजवळ उभं राहिल्यावर तो फरक करता येत नाही.

एक मात्र मॅडमना विचार. टी सेलचा डेटा बहुतेक वेळा रक्तातून घेतात, आणि शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी (टी सेल ह्यातल्याच) रक्तात फक्त २ टक्क्यांच्या आसपास असतात, बाकी लिम्फ नोड, प्लीहा, आतडी इथे. तर त्या एका ट्यूबवरून सगळ्या शरीराबद्दल तुम्ही कसं बोलता? ह्याचं नीट उत्तर देणारा गाईड मिळाला तर सोडू नकोस.

पाटो_वाचनालय

यादी वाचायची कशी ह्याबद्दल लिहितो, ते राहिलंच. नॅनोकणांचा पेपर ऐकूनच वाटतं की तो दुसऱ्याच कुणाचा आहे. गूगल स्कॉलर नावावरून पेपर जोडतं आणि सारख्या नावाची माणसं एकाच प्रोफाइलमध्ये येतात, ऑर्किडचा (ORCID, प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख क्रमांक) नंबर असेल तर त्यावरून ताडून बघ. तसंच आरकाइव्हवरची (arXiv, जर्नलआधी पेपर ठेवायची साइट) प्रत आणि जर्नलमधली प्रत कधीकधी दोन वेगळ्या म्हणून दिसतात त्यामुळे आकडा फुगतो, आकड्याकडे बघूच नकोस. नाव कुठे आहे ते बघ, बायोलॉजीत शेवटचं नाव बहुधा लॅबच्या प्रमुखाचं आणि पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं (फिजिक्समध्ये कधीकधी अक्षरक्रमाने लावतात, तिथे फसू नकोस). पहिल्या नावाच्या जागी मॅडमचे विद्यार्थी दिसतात का, आणि ते विद्यार्थी आज कुठे आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यातल्या एखाद्याला सरळ मेल टाक, मुलं खरं सांगतात. आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवलेला आहे का बघ, ह्या क्षेत्रात चांगले लोक ठेवतात.

फोंड्याची_पूर्वा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नॅनोकणवाल्या दुसऱ्याच बाई निघाल्या, एकच नाव, वेगळा देश. मेथड्स बघितलं, रेटिनाच्या पेपरात आणि टी सेलच्या पेपरात समीकरण अक्षरशः तेच आहे, फक्त अक्षरं बदललीत. त्यांचे दोन जुने विद्यार्थी सापडले, एक न्यूरोची लॅब चालवतो, एक इम्युनोची. काकांना एचआयव्हीचं वाचून दाखवलं, ते म्हणाले हे आम्हाला कधी कोणी शिकवलंच नाही, आणि तो पेपर मागितला.

डॉक्टरबाब, २ टक्क्यांचा प्रश्न मी मेलमध्ये घालू का? पहिल्याच मेलमध्ये असं विचारलेलं आगाऊपणाचं तर नाही ना वाटणार?

सत्तरीतला_डॉक्टर

बेलाशक घाल. ज्याला राग येईल त्याच्याकडे चार पाच वर्षं काढायची नसतात.

मांडवीपार

आणि तोच प्रश्न न्यूरॉनलाही जोडून विचार, कारण इलेक्ट्रोडला पण मोजकेच न्यूरॉन ऐकू येतात, बाकीचे दिसतच नाहीत, आणि थोड्यावरून सगळ्याचा अंदाज करणं हीच ह्या दोन्ही क्षेत्रांची खरी डोकेदुखी आहे. जाण्याआधी एक काम कर, पायथनमध्ये १० स्पिनचं आयझिंग लिही, त्यातून नमुने काढ आणि नुसत्या सरासऱ्या आणि जोड्या वापरून ते ५५ आकडे परत मिळतात का बघ. मग त्यातले ४ स्पिन लपवून उरलेल्या ६ वर तेच कर, जोड्यांचे आकडे कसे बिघडतात ते दिसेल. तो ग्राफ मेलला जोडून पाठव. कोड अडला तर इथेच टाक, मी रात्री बघतो.